वाचक विचारतात : गाव वाढते ते कशामुळे?

गावे आणि जुने कसबे यांच्या लोकसंख्येविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे बरीच लांब होती, म्हणून प्रत्येकाचा मूळ प्रश्न तेवढा छापला आहे. सर्वांत मोठे उत्तर पहिल्याच प्रश्नाला आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यात आहेत.

प्रश्न : आमच्या घराण्यात अशी समजूत आहे की आमचे पूर्वज पेशवाईत दुसऱ्या मुलखातून ‘कौल घेऊन’ या गावात आले. त्या काळी गावांची लोकसंख्या वाढत होती ती जन्मदर जास्त असल्यामुळेच ना? — एक वाचक, सातारा जिल्हा

जन्मदर जास्त होता हे खरे आहे. परंतु मृत्युदरही जवळजवळ तेवढाच होता. चांगल्या पावसाच्या दहा-पंधरा वर्षांत जी थोडीफार भर पडे, ती एखाद्या दुष्काळात किंवा पटकीच्या साथीत नाहीशी होई. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातील एखाद्या गावाची वाढ समजून घ्यायची असेल, तर पाळण्यांपेक्षा वेशीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. गावात कोण आले, कोणत्या अटींवर आले आणि आल्यावर टिकले का, हे तीन प्रश्न तेथे निर्णायक ठरतात.

त्या काळच्या दख्खनमध्ये जमीन भरपूर होती आणि ती कसणारा माणूस दुर्मीळ होता, ही गोष्ट आजच्या वाचकाला सहज पटत नाही. राज्याचे मुख्य उत्पन्न शेतसाऱ्याचे, आणि पडीक जमीन सारा देत नाही. त्यामुळे राजापासून जहागीरदारापर्यंत आणि देशमुखापासून पाटलापर्यंत प्रत्येकाला कुळे हवी असत, आणि ती बहुधा शेजारच्या मुलखातूनच येत. त्यांना बोलावण्याचे साधन म्हणजे कौल. सरकारने दिलेले ते अभयाचे आणि सवलतीचे लेखी आश्वासन असे. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, पुढे दरवर्षी तो थोडा थोडा वाढवायचा आणि काही वर्षांनी पूर्ण दरावर आणायचा, या पद्धतीला इस्तावा म्हणत. सारा वाढत जाणार हे कुळाला आधीच ठाऊक असे, आणि तोवर विहीर, बांध, बैल यांची सोय लावायला त्याला अवधी मिळे.

या धोरणाचा सर्वांत स्पष्ट पुरावा शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी कोकणातील प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात सापडतो. सुभेदाराने गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्या अंगी कष्ट करण्याचे बळ आहे पण बैल नाहीत किंवा पोटाला दाणा नाही त्याला बैलांसाठी पैसा आणि खाण्यासाठी धान्य द्यावे, आणि त्याची वसुली व्याज न लावता त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू करावी, असा त्या पत्राचा आशय आहे. दयाबुद्धीचे उदाहरण म्हणून हे पत्र नेहमी सांगितले जाते, आणि ती दयाबुद्धी त्यात आहेच. परंतु लोकसंख्येच्या अभ्यासकाला त्यात गाव वसवण्याची चोख व्यवहारी रीतही दिसते. कष्टकरी माणूस आहे आणि जमीनही आहे, मग मधली अडचण भांडवलाची आहे, आणि ती सरकारने दूर केली तर गाव भरते, हा हिशेब त्यामागे आहे.

पुणे हे याचे जवळचे उदाहरण. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे जाळून उद्ध्वस्त केले, आणि त्याच सुमारास, १६३०-३२ मध्ये, गुजरात-दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांनी कौल देऊन हा मुलूख पुन्हा लागवडीला आणला. सोन्याच्या नांगराची परंपरागत कथा सर्वांना माहीत आहे. माझ्या मते त्या नांगराहून सवलतीच्या साऱ्याने पुणे वसवण्याचे काम अधिक केले असावे. मात्र ज्या जमिनीवर शत्रूने गाढवांचा नांगर फिरवल्याचे लोक बोलत होते, तेथे राहायला येण्याचा धीर देण्यासाठी अशा जाहीर विधीचाही उपयोग असतो.

आलेला माणूस टिकणे हा याहून अवघड भाग होता. गावात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. उपरी बाहेरून येऊन मुदतीने जमीन कसे, सारा सहसा कमी देई, आणि जुलूम झाला तर रातोरात बैल जुंपून शेजारच्या परगण्यात निघून जाई. ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झाले त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई आणि अशी जमीन उपऱ्याला मिरासीने देऊन त्याला कायमचा गावकरी करून घेण्याची सोय होती. बलुतेदारांचाही येथे मोठा वाटा आहे. नांगराला सुतार नसेल आणि फाळाला लोहार नसेल तर शेतकरी त्या गावी थांबत नाही. म्हणून नव्याने वसणाऱ्या गावाचा पाटील बलुते लावून देऊन कारागीर आणी. चार-सहा बलुतेदारांची घरे आली की तीस-चाळीस कुणब्यांची घरे टिकण्याची शक्यता वाढे.

याच्या उलट, फौजांची वाट ज्या गावावरून जाई ते गाव भराभर ओस पडे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेची धाड आणि लगोलग १८०३-०४ चा दुष्काळ यांनी पुणे-नगर भागातील कित्येक गावे उठली. खानदेशात तर १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा शेकडो गावे बेचिराख होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत खानदेशची लोकसंख्या झपाट्याने वाढली, त्यात बाहेरून जमीन शोधत आलेल्यांचा भाग मोठा होता.

आपल्या घराण्याची समजूत त्यामुळे अगदी संभवनीय आहे. आपले कुलदैवत कोणत्या भागातले आहे, आडनावातला ‘कर’ कोणत्या गावाकडे बोट दाखवतो, आणि जुन्या कागदात घराण्याची जमीन मिरास म्हणून लागली आहे की गतकुळीतून मिळाली आहे, हे पाहिल्यास पुष्कळसा उलगडा होईल.

प्रश्न : एकाच नदीच्या काठी, सारख्याच जमिनीची दोन गावे. शंभर वर्षांत एकाचे शहर झाले आणि दुसऱ्याची वस्ती दोन-तीन हजारांवर थांबली. फरक नेमका कुठे पडतो? — एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

फरक जन्मांत पडत नाही, एवढे प्रथम खात्रीने सांगता येते. एकाच तालुक्यातील दोन गावांत लग्नाचे वय, बाळंतपणे, साथी आणि पाऊस ही सर्व सारखीच असतात. गावच्या जमिनीवर किती माणसे जगू शकतील याला मर्यादा असते, आणि ती गाठल्यावर जास्तीची माणसे बाहेर पडतात. ज्या गावी शेतीखेरीज दुसरे पोट भरण्याचे साधन असते तेथे ती जातात. आपल्या दोन गावांपैकी एक पाठवणारे आहे आणि दुसरे घेणारे.

ते दुसरे साधन पूर्वी बहुधा बाजार असे. बैलगाडीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या टापूत ज्या गावी आठवडे बाजार भरे, तेथे सोनार, तांबट, शिंपी, तेली, वाणी यांची घरे हळूहळू वाढत आणि मौज्याचा, म्हणजे साध्या खेड्याचा, कसबा म्हणजे बाजारगाव होई. त्यावर एखाद्या सत्तेने आपले ठाणे तेथे आणले की वाढीचा वेग बदले. सांगलीचे उदाहरण आपल्याला दूरचे नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठचे हे लहानसे गाव राजधानीसाठी निवडले. त्यानंतर किल्ला, गणपतीचे देऊळ, व्यापारी पेठ, हळदीचा बाजार अशी एकावर एक भर पडत गेली. गाव लहान असूनही हे शक्य झाले, कारण दरबाराच्या मागोमाग सावकार येतो, सावकारामागे व्यापारी, आणि या सर्वांच्या घरी कामाला लागणारी माणसे शेजारच्या खेड्यांतून येतात. पुण्याच्या पेठाही अशाच वसल्या. नवी पेठ वसवणाऱ्याला आणि तेथे दुकान घालणाऱ्याला ठरावीक वर्षे करांची माफी मिळे; म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या कौलाचीच ती व्यापाऱ्यांसाठीची आवृत्ती होती. दरबार हाच पाया असला म्हणजे दरबार गेल्यावर काय होते, तेही पुण्याने पाहिले आहे: १८१८ नंतर शहराची वस्ती घटली आणि सावरायला काही दशके लागली.

रेल्वेने हा नकाशा नव्याने आखला. आपल्या जिल्ह्यात १८६० मध्ये गाडी सोलापूरपर्यंत आली आणि १८७७ मध्ये तेथे पहिली कापड गिरणी चालू झाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि दुष्काळी तालुक्यांतून आलेले मजूर यांनी शहर भरले. भुसावळ हे तापीकाठचे साधे खेडे होते. नागपूरकडे आणि उत्तरेकडे जाणारे लोहमार्ग तेथे फुटले आणि रेल्वेचा कारखाना व वसाहत झाली, तेव्हा ते शहर बनले. १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत अरुंद मार्गाची लाइट रेल्वे झाली, १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली आणि निजामाच्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये यांचा व्यापार या दोन बाजारपेठांत एकवटला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या जन्मदात्या पित्याच्या नावाने जयसिंगपूर वसवले तेही कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कडेला, आणि ती निवड अर्थातच विचारपूर्वक होती.

ज्यांच्यावरून नवा मार्ग गेला नाही त्यांचे काय झाले, हे जुन्नर आणि पैठण सांगतात. नाणेघाटाच्या माथ्यावरची जुन्नर ही सातवाहन काळापासूनची बाजारपेठ. पैठण तर सातवाहनांची राजधानी आणि रेशमी वस्त्रांसाठी शतकानुशतके नावाजलेले गाव. दोन्हीकडे रेल्वे आली नाही. २०११ मध्ये जुन्नर शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती. जमीन सुपीक आहे, इतिहास मोठा आहे, पण व्यापाराचा मार्ग दुसरीकडे वळला. चौलचे बंदर गाळाने आणि मुंबईच्या उदयाने मागे पडले, तोच प्रकार.

तीर्थक्षेत्रांविषयी आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. यात्रेला लाखो लोक येतात म्हणून गावाची कायम वस्ती त्या प्रमाणात वाढत नाही. आषाढीला पंढरपुरात जेवढी गर्दी लोटते तिच्या तुलनेत २०११ च्या जनगणनेतील सुमारे एक लाख ही शहराची वस्ती फार थोडी आहे. यात्रेवर वर्षभर जगता येईल असे व्यवसाय किती उभे राहतात, यावर तेथील वाढ अवलंबून असते.

प्रश्न : १८७२ ते १९२१ या काळात आपल्याकडील लोकसंख्या फारशी वाढलेली दिसत नाही. त्या वेळी तर घरटी सहा-सात मुले होती. हे कसे? — एक विद्यार्थी, अहिल्यानगर जिल्हा

घरटी सहा-सात मुले जन्मत. मोठी होणारी त्यांतली दोन-तीन असत. हे नेहमीचे झाले. त्यावर दर काही वर्षांनी येणाऱ्या आपत्ती होत्या. १८७६-७८ च्या दुष्काळाने सोलापूर आणि तेव्हाचा कलादगी, म्हणजे पुढचा विजापूर, या जिल्ह्यांची लोकसंख्या १८८१ च्या गणनेत १८७२ पेक्षा बरीच कमी भरली; खानदेशला त्याची झळ कमी बसली आणि तेथे त्याच नऊ वर्षांत वाढ झाली. मग १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच वर्षी मुंबईत आलेला आणि पुढे पुण्यासह गावोगाव पसरलेला प्लेग, १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा’ (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ, आणि अखेर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मारली. १९११ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाखांवर आली. जनगणनेच्या सगळ्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटल्याचे हे एकच दशक आहे.

आकडे वाचताना एक सावधगिरी घ्यावी. प्लेगच्या दिवसांत लोक गावठाण सोडून माळावर झोपड्या घालून राहत, शहरातले लोक आपापल्या मूळ गावी जात. त्यामुळे १९०१ आणि १९११ च्या गणनेत एखाद्या कसब्याची वस्ती अचानक घटलेली दिसली तर तेवढी माणसे मेली असाच अर्थ घेऊ नये. त्यांतली काही फक्त तेथे नव्हती.

१९२१ नंतर जन्म वाढले नाहीत, मृत्यू कमी झाले. देवीची लस गावोगाव पोहोचली, प्लेग ओसरला, रेल्वेने दुष्काळी भागात धान्य पोहोचू लागले आणि दुष्काळ निवारणाचे नियम बसले. (बंगालचा १९४३ चा दुष्काळ हा याला भयंकर अपवाद आहे.) १९५३ पासून डीडीटीच्या फवारणीने हिवताप आटोक्यात आला, आणि ग्रामीण लोकसंख्येला खरी चढण तेव्हापासून लागली. बदल किती मोठा होता हे पाहायचे असेल तर १९७२ चा दुष्काळ पाहावा. पावसाच्या दृष्टीने तो जुन्या कोणत्याही दुष्काळाच्या तोडीचा होता. परंतु लाखो लोकांना खडी फोडण्याचे आणि बांधबंदिस्तीचे काम मिळाले, धान्य मिळाले, आणि महाराष्ट्राची लोकसंख्या १९७१ मधील ५ कोटी ४ लाखांवरून १९८१ मध्ये ६ कोटी २८ लाखांवर गेली. शंभर वर्षांपूर्वी असा दुष्काळ पडल्यावर काय झाले होते, ते वर आलेच आहे.

प्रश्न : आमच्या भागात पाटाचे पाणी आले आणि गावे वाढली असे वडीलधारी माणसे सांगतात. पाण्याने लोकसंख्या वाढते का? — एक वाचक, माळशिरस तालुका

पाण्याने हंगाम वाढतो, हंगामाने मजुरी वाढते, आणि मजुरीमागे माणसे येतात. नुसता कालवा काढून मात्र हे लगेच होत नाही. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा झाला तेव्हा कोरडवाहू ज्वारी-बाजरी करणाऱ्या शेतकऱ्याला पाणीपट्टी भरून बागायत करण्याचा अनुभव नव्हता आणि भांडवलही नव्हते. तो अनुभव बाहेरून आला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांना ऊस आणि बागायतीचे ज्ञान होते. त्यांनी कालव्याच्या भागात खंडाने जमिनी घेतल्या, गूळ केला, आणि १९३० च्या दशकात स्वतःचा साखर कारखाना उभारला. आपल्याच तालुक्यातील माळीनगर हे गाव त्यातून वसले. ज्या माळावर मेंढरे चरत होती तेथे शाळा, दुकाने आणि कामगारांच्या चाळी आल्या.

प्रवरेच्या काठी हाच क्रम थोड्या वेगळ्या रीतीने घडला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. त्यामागून दवाखाना, महाविद्यालये आणि प्रवरानगर आले. कारखान्याच्या गावाला दवाखाना आणि शाळा मिळतात, त्यामुळे आलेली माणसे कायमची राहतात. नुसत्या उसाच्या गावी ती हंगामापुरती येतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघणारे ऊसतोड कामगार सहा-सहा महिने फडांवर राहतात, पण गावच्या लोकसंख्येत धरले जात नाहीत, आणि त्यांच्या स्वतःच्या गावांची घरे तेवढे दिवस कुलूपबंद असतात. गावाची खरी वस्ती कोणत्या महिन्यात मोजायची, हा प्रश्न जनगणनेच्या कोष्टकात दिसत नाही, मराठवाड्यात मात्र त्याला टाळता येत नाही.

प्रश्न : मालेगाव आणि इचलकरंजी येथे ना मोठी नदी, ना राजधानी, ना मुख्य लोहमार्ग. तरी ही गावे एवढी कशी वाढली? — एक वाचक, नाशिक

हातमाग आणि यंत्रमाग यांमुळे. मालेगावात नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये किल्ला बांधायला घेतला तेव्हाच सुरत आणि उत्तरेकडचे कारागीर आले होते. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झाली. विणकाम घरात चालते, सगळे कुटुंब त्यात राबते, आणि एका कुटुंबामागून त्याचे सोयरे येतात. त्यामुळे असे गाव एकदा वाढू लागले की बाहेरच्या मदतीशिवाय वाढत राहते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसला, तेथील जहागीरदारांनी उद्योगाला आश्रय दिला, आणि २०११ मध्ये शहराची लोकसंख्या २ लाख ८७ हजारांवर होती. नदीविषयी एक दुरुस्ती करतो : मालेगाव मोसम आणि गिरणा यांच्या संगमाजवळ आहे, आणि इचलकरंजीला पंचगंगा आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस भरपूर, दुष्काळ नाही, आता कोकण रेल्वेही आहे. तरी वाडीतली घरे बंद आणि शाळेत पटाला मुले नाहीत. असे का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

कोकणाने पावसावर विसंबून चालत नाही हे फार पूर्वी ओळखले. डोंगरउतारावर भाताची जमीन थोडी, ती खोतीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत खोतांच्या, हक्कांत अडकलेली, आणि प्रत्येक पिढीत तिचे तुकडे होत गेलेले. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढे त्या वाढत गेल्या, तेव्हा बोटीने एका दिवसात पोहोचता येणारा मजूर रत्नागिरी जिल्ह्याने पुरवला. गिरणीखेरीज पोलीस, पलटण, गोदी, घरकाम यांतही तेथील माणसे गेली. पुरुष मुंबईला, बायका-मुले आणि म्हातारी माणसे गावी, आणि दरमहा मनीऑर्डर, ही घडी शंभर वर्षे टिकली. २०११ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, त्यामागे हेच कारण आहे.

त्या घडीत गाव रिकामे होत नव्हते, कारण कुटुंब मागे राहत होते. नंतर कुटुंबेही विरार, डोंबिवली, कल्याणला गेली. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. त्याच दशकात राज्याची जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली ती या घटीच्या ऐन तोंडावर. सोलापूर-भुसावळला रेल्वेने कारखाना आणि बाजार आणला. कोकणात ती गणपतीला आणि शिमग्याला घरी येण्याची सोय झाली. रुळांच्या शेवटी काम असेल तर ती माणसे आणते, नसेल तर नेते. आणि आता यात जन्मांचाही भाग आहे : महाराष्ट्रात एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १.७ एवढी आढळली. बाहेर गेलेल्यांची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

प्रश्न : पुण्याजवळची खेडी दहा-वीस वर्षांत लाख-लाख वस्तीची झाली. याला त्या गावांची वाढ म्हणावे का? — एक वाचक, चिंचवड

पिंपळे सौदागर हे आपल्या शेजारचे गाव घेऊन बोलू. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची तपशीलवार पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबाने गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. ही गावाची आतून झालेली वाढ: माणसे वाढली, जमीन तेवढीच राहिली, प्रत्येकाच्या वाट्याला कमी आले.

दुसरी वाढ बाहेरून आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, मग मोटारींचे कारखाने, आणि शतकाच्या अखेरीस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर होती. पिंपळे सौदागरच्या त्या सात-सात एकरांवर आज बहुमजली इमारती आहेत. ही वाढ त्या जागेची आहे. जुन्या गावकीचा तीत थोडाच भाग आहे. ज्यांच्या पूर्वजांना मान यांनी मोजले त्यांची संख्या एकूण रहिवाशांत अल्प आहे.

याखेरीज कागदावरची वाढही असते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. कोणीही घर न बदलता शहराची लोकसंख्या त्या दिवशी वाढली आणि ग्रामीण जिल्ह्याची घटली. तसेच किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या तीन कसोट्या पुऱ्या झाल्या की जनगणना ग्रामपंचायत असलेल्या गावालाही शहरात मोजते. तेव्हा दोन जनगणनांची तुलना करण्यापूर्वी हद्द बदलली का आणि वर्ग बदलला का, हे आधी पाहावे.

प्रश्न : माझ्या गावाची जुनी लोकसंख्या कशी शोधावी? — तीन-चार वाचकांचा सारखाच प्रश्न

१९५१ पासूनचे गाववार आकडे जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत मिळतात आणि अलीकडच्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे २०११ चा आकडा सध्या शेवटचा समजावा. त्यामागच्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत तालुक्याचे आणि बाजारगावांचे आकडे सापडतात. लहान गावाचा उल्लेख नसल्यास निराश होऊ नये. १८७२ च्या आधी लोकसंख्येऐवजी घरे, नांगर आणि कुळे यांच्या नोंदींवर भागवावे लागते, आणि त्या पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात, मोडीत आहेत. मोडी येणारी व्यक्ती बरोबर न्यावी.

शोधताना महसुली गाव आणि वाडी यांचा घोळ होऊ देऊ नये. वाडी पूर्वी मूळ गावात मोजली जात असेल आणि पुढे स्वतंत्र महसुली गाव झाली असेल तर मूळ गाव घटल्याचा भास होतो. बुद्रुक आणि खुर्द यांचे आकडे अदलाबदल झाल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. धरणाखाली गेलेल्या गावाचे नाव नव्या जागी तेच राहिले असेल, तर क्षेत्रफळाचा रकाना दोन्ही पुस्तिकांत ताडून पाहावा. लोकसंख्येपेक्षा तेथे बदल लवकर लक्षात येतो.